सरड्याची धाव

यवतमाळ जिल्ह्यात वन्यजीव म्हटले की वाघ, दुसरे काही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगावच्या जंगलात अवनी वाघीण मारली गेली तेव्हा इथल्या तालुक्यांची नावे देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. पुढच्याच वर्षी टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून त्याचे एकेक वळण नकाशावर उमटले. त्याच टिपेश्वरच्या आसपास एखादा शेतकरी जेसीबी लावून वावराचा धुरा साफ करतो. धुऱ्यावरची बोर, हिवर, कुसळी गवत, वर्षानुवर्षे वेचून टाकलेल्या गोट्यांचा ढीग, सगळे एका सकाळी नाहीसे होते. तिथला सरडा कुठे गेला? किती मीटर गेला? की गेलाच नाही, आणि गेला नसेल तर आता खातो काय?

पुढची पाने या प्रश्नाची आहेत. प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण वाघापेक्षा सरड्याला तो विचारणे अधिक फायद्याचे आहे. वाघाला एक जंगल पुरले नाही तर तो दुसरे शोधतो. सरड्याला ती मुभा नाही. त्याचे जन्मणे, खाणे, भांडणे, अंडी घालणे आणि मरणे बहुधा एकाच धुऱ्याच्या किंवा नाल्याच्या काठाने होते. त्यामुळे त्या तुकड्याचे जे काही होते त्याचा हिशोब सरड्याच्या पोटात आधी दिसतो. तो वाचायला मात्र शिकावे लागते, कारण वरवर पाहिले तर सरडा ठणठणीत दिसतो. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे: उजाड जागी सरडा दिसला, अगदी भरपूर दिसले, तरी ते तिथे सुखात आहेत असे समजू नये. ते किती आहेत यापेक्षा ते कसे खातात हे बघावे.

‘सरडा’ हा शब्द इथे सैल अर्थाने वापरला आहे. बोलीत आपण बाभळीच्या खोडावर मान डोलावणाऱ्याला सरडा म्हणतो, भिंतीवरचीला पाल, पाचोळ्यातून सळसळत जाणारीला सापसुरळी आणि वारुळापाशी माती उकरणारीला घोरपड. शास्त्राच्या हिशोबात ही सगळी एकाच घरातली मंडळी. यवतमाळच्या बरड जमिनीवर आणखी एक लहानसा सरडा असतो, मातीच्याच रंगाचा, वीतभरही नाही. माणसाची चाहूल लागली की शेपूट उचलून, कधी कधी मागच्या दोन पायांवरच, पळतो. उन्हाळ्यात त्याचा नर गोट्यावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. हा सिताना प्रजातीतला. त्याच्या सातारा-कोल्हापूरकडच्या भाऊबंदांना निळ्या, काळ्या, नारिंगी रंगांचा मोठा पंखा असतो; त्यांना २०१६ साली दीपक, गिरी, कारंथ आणि दत्ता या संशोधकांनी वेगळ्या प्रजातीत घातले आणि त्या प्रजातीला ‘सरडा’ हेच मराठी नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले. इथून पुढे या दोघांनाही मी पंखेवाला सरडा म्हणेन.

पोट भरण्याच्या दोन रीती सरड्यांत ढोबळमानाने आहेत. एक दुकान मांडून बसतो, दुसरा फेरीवर निघतो. मान डोलावणारा बागसरडा, पंखेवाला सरडा आणि बहुतेक पाली पहिल्या रीतीच्या. उंचवट्यावर किंवा खोडावर निश्चल बसायचे, टप्प्यात काही हलले की झडप घालायची, पुन्हा जागेवर यायचे. यांचा सगळा भरवसा डोळ्यांवर. सापसुरळी आणि घोरपड दुसऱ्या रीतीच्या. त्या चालत राहतात, जीभ बाहेर काढून हवेतला आणि मातीतला वास टिपतात, पाचोळा उलथतात, फटीत तोंड घालतात. बसून राहणाऱ्याला हलते भक्ष्य लागते: टोळ, नाकतोडा, भुंगा, रांगेने चाललेल्या मुंग्या. फिरणाऱ्याला लपलेले आणि न हलणारेही चालते: वाळवी, हुमणीसारख्या अळ्या, कोळ्यांचे कोश, अंडी. अमेरिकी शास्त्रज्ञ एरिक पियांका यांनी १९६६ साली हा भेद मांडला. पुढे त्यांनी रेमंड ह्यूई यांच्याबरोबर आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात त्याचा जमाखर्च मांडला आणि १९८१ साली तो प्रसिद्ध केला. फिरणाऱ्या सरड्यांचा ऊर्जेचा खर्च बसणाऱ्यांच्या साधारण १.३ ते १.५ पट, आणि अन्नाची कमाई १.३ ते २.१ पट. म्हणजे फिरण्यात नफा आहे, पण गाठीला भांडवल हवे. आणि जोखीम निराळी: फिरणारा सरडा दबा धरून बसलेल्या सापाच्या तोंडी जातो, बसलेला सरडा फिरत्या शिकाऱ्याला सापडतो.

हे वाचून कोणी म्हणेल की मग सोपे आहे. जागा बिघडली की बसणाऱ्याने फिरायला लागावे. काही अंशी ते तसे करतातही. भक्ष्य विरळ झाले की टपून बसणारा सरडा बैठक लवकर बदलतो, लांबवरच्या भक्ष्यामागे धावतो, एरवी सोडून दिले असते असे बारीकसारीक खातो. पण त्याचे शरीर लांबच्या फेरीसाठी घडलेले नाही. झडप घालायला लागणारा वेग आणि तासभर चालायला लागणारा दम या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मातीतल्या वाळवीचा वास ओळखण्याची सापसुरळीची जीभ बागसरड्याकडे नाही. बदलाला वाव आहे, पण तो अंगभूत चौकटीच्या आतला. म्हणून बिघडलेल्या जागी बहुतेक वेळा एकाच सरड्याची रीत फारशी बदलत नाही, तिथे कोण राहतो आणि कोण जातो हे बदलते.

आता बिघडलेली जागा म्हणजे काय, हे आधी नीट बघायला हवे, कारण गफलत इथेच होते. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात पैनगंगा आणि वर्धा या दोन नद्यांमधला बराचसा प्रदेश काळ्या कापसाच्या जमिनीचा, मधून मधून सागवानाच्या टेकड्यांचा आणि मुरमाड बरडांचा. वणीकडे कोळशाच्या उघड्या खाणी आणि त्यांच्या मातीचे डोंगर. सरकारी दप्तरात गावोगावची ई-क्लास जमीन असते, गुरे चारायची. तिच्यावर झाडे कमी, गवत गुडघ्याच्या खाली, जागोजागी दगड उघडे. वनाधिकाऱ्याच्या डोळ्याला ती ओसाड दिसते आणि तो तिथे खड्डे खणून रोपे लावतो. पंखेवाल्या सरड्याला विचाराल तर ती जमीन ओसाड नव्हतीच. त्याला हवे ते नेमके तेच: दूरवर नजर जाईल असे उघडे रान, मधे मधे गवताचा झुपका, चढून बसायला गोटा, उन्हाचा आणि सावलीचा मेळ. चर खणून, दाट रोपवन लावून, वर तारेचे कुंपण घालून आपण ती ‘सुधारतो’ तेव्हा तिचा ऱ्हास सुरू होतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ साली देशातल्या अशा नैसर्गिक उघड्या रानांचा नकाशा केला; देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर ती आहेत आणि त्यांतली पाच टक्क्यांहूनही कमी संरक्षित क्षेत्रात येतात. बाकीची बहुतेक आपल्या कागदांत ‘पडीक’ या नावाने उभी आहेत, आणि पडीक म्हटल्यावर सोलर पार्कपासून कचरा डेपोपर्यंत काहीही चालते.

जागा दोन उलट दिशांनी बिघडते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एक दिशा उघडी पडण्याची: अतिचराई, वणवा, धुरे साफ करणे, गोटे वेचून रस्त्याला नेणे. दुसरी गच्च होण्याची. गायरानात रायमुनिया माजली, पावसाळ्यात तरोटा आणि गाजर गवत कमरेइतके वाढले, की जमीन हिरवी दिसते पण टपून बसणाऱ्याला आंधळी होते. त्याच्या डोळ्यांपुढे हातभर अंतरावर भिंत उभी राहते. अशा ठिकाणी सापसुरळीचे बरे चालते. तिला पाचोळा मिळतो, ओल मिळते, नजरेची तिला तितकी गरज नसते. पंखेवाला सरडा पायवाटेच्या, बैलगाडीच्या चाकोरीच्या कडेला येतो. चाकोरीत उघडी जमीन असते, मुंग्या असतात, आणि तिथेच तो चाकाखालीही येतो. रस्त्याकडेला सरडे फार दिसतात असे जे लोक सांगतात त्यांचे निरीक्षण खरे असते, फक्त निष्कर्ष उलटा असतो.

उघडे पडण्याचा फटका बसतो तो मात्र अन्नाआधी वेळेला. हे लक्षात यायला वैशाखातली एक दुपार पुरते. सरड्याच्या शरीरात स्वतःची ऊब तयार करण्याची सोय जवळपास नाही. सकाळी उन्हात अंग शेकायचे, तापमान पस्तीसच्या पुढेमागे आले की शिकारीला लागायचे, चाळीसच्या वर जाऊ लागले की सावलीत सरायचे, पुन्हा बाहेर यायचे, असा त्याचा दिवस. यवतमाळात मे महिन्यात सावलीतला पारा पंचेचाळिसाला टेकतो. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि सरड्याचे पोट त्या जमिनीपासून दोन बोटांवर असते. धुऱ्यावर बोरीचे झुडूप असेल तर तो दिवसभर ऊन-सावलीचा खेळ खेळत मधे मधे खाऊ शकतो. झुडूप गेले तर सकाळी नऊ-दहाला बिळात आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाहेर. किडे तेवढेच असले तरी ते पकडायचा वेळ अर्ध्यावर येतो. त्यातून हेच महिने नरांच्या पंखा उघडण्याचे आणि माद्यांच्या अंगात अंडी धरण्याचे. गोट्यावर उभे राहून प्रतिस्पर्ध्याला धमकावणारा नर त्या वेळात खात नसतो. अंड्यांसाठी मादीला सर्वाधिक अन्न लागते तेव्हाच तिचे बाजाराचे तास सर्वांत कमी.

बॅरी सिनर्व्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेक्सिकोतल्या दोनशे ठिकाणच्या सरड्यांची पुन्हा पाहणी केली तेव्हा १९७५ नंतरच्या काळात बारा टक्के स्थानिक वस्त्या नाहीशा झालेल्या आढळल्या. त्यांचा तर्क असा होता की सरडे उष्णतेने भाजून मेले नाहीत. विणीच्या काळात त्यांना दिवसातले जास्त तास आडोशाला घालवावे लागले, अन्न कमी पडले, पिल्ले कमी झाली. मरण असे हळू आणि हिशोबी येते. ते कोणाला दिसत नाही, कारण मेलेला सरडा कुठेच पडलेला नसतो. यवतमाळात मेक्सिकोपेक्षा एक गोष्ट सोयीची आहे: इथला उष्मा आपण कमी करू शकत नसलो तरी सावली कुठे राहू द्यायची हे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी जंगल लागत नाही. एक मीटर रुंदीचा धुरा पुरतो.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण एखाद्याची कुवत काढायला म्हणतो. म्हण करणाऱ्याने मात्र सरडा नीट पाहिलेला होता. काट्याचे कुंपण म्हणजे सावली, उंच बैठक, ससाण्यापासून आडोसा आणि किड्यांची पेठ, सगळे एका रांगेत. सरड्याने त्यापलीकडे का जावे? बोरी-बाभळीच्या फांद्यांचे ते कुंपण आता वावराभोवती क्वचित दिसते. रोही आणि रानडुकरांनी पिकाचा धुव्वा उडवल्यावर शेतकऱ्याने तार ओढली, झटका मशीन बसवली, आणि तारेखाली वाढलेले गवत विजेला अडते म्हणून ती पट्टी तणनाशकाने जाळून ठेवली. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. रात्र रात्र जागलीला बसून त्याने काय भोगले आहे ते त्याला ठाऊक. पण तारेवर सरडा बसत नाही आणि तिची सावलीही पडत नाही. फांद्याफांद्यांवरून सावकाश सरकत, वाटेत दिसेल ते लांब जिभेने टिपत जाणाऱ्या शॅमेलिऑनची तर सगळी शिकारच सलग झुडपावर अवलंबून असते. कुंपण तुटक झाले की त्याला जमिनीवर उतरून रस्ता ओलांडावा लागतो. त्याची चाल बघितलेल्या कोणालाही पुढचे सांगायला नको.

भक्ष्याकडे वळू. कापूस म्हटले की फवारणी आली. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाले. ज्या मोसमात माणसे अशी पडली त्या मोसमात धुऱ्यावरच्या टोळांची, भुंग्यांची, वाळवीची मोजणी करायला कोणी गेले नाही, आणि त्याबद्दल तक्रार करणे शोभणारही नाही. पण विषाचा सरड्यावर होणारा परिणाम बहुधा कोणत्या वाटेने येतो याचे एक नेमके उदाहरण मादागास्कर बेटावर आहे. तिथे टोळधाडीविरुद्ध फिप्रोनिल हे कीटकनाशक फवारले गेले. आपल्याकडे कपाशीवरच्या फुलकिड्यांसाठी तेच वापरतात. राल्फ पेवेलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की फवाऱ्याने तिथल्या वाळवीची वारुळे मोठ्या प्रमाणावर मेली आणि त्यानंतर वाळवीवर जगणारे दोन जातींचे सरडे, त्यांतली एक सापसुरळीच्या घरातली, कमी होत गेले. सरड्याच्या अंगावर विष पडायची गरज नव्हती. त्याच्या ताटातले अन्न गेले होते. आपल्याकडे वाळवीला, वऱ्हाडीत उदईला, कोणी आपले मानत नाही. घराचे वासे खाणारी म्हणून तिच्याविषयी राग आहे आणि तो रास्त आहे. परंतु बरड जमिनीत, जिथे टोळ पावसाळ्यापुरते असतात, तिथे वर्षभर मिळणारे चरबीदार अन्न म्हणजे उदई. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या उदईचे थवे निघतात त्या संध्याकाळी घोरपडीपासून पालीपर्यंत सगळे हावऱ्यासारखे खातात, आणि बसणारे-फिरणारे हा सगळा भेद तासाभरापुरता मोडून पडतो.

वाळवी आणि मोठे किडे गेले की उरतात मुंग्या. मुंग्या कुठेही टिकतात, म्हणून उजाड जागच्या टपून बसणाऱ्या सरड्याच्या जेवणात त्यांचा वाटा वाढणे साहजिक आहे. पण एका नाकतोड्याइतके पोट भरायला मुंग्या किती लागतील याचा अंदाज करा. प्रत्येक मुंगीसाठी एक उडी, एक चावा, वरचे कवच पचवायचे ओझे वेगळे. असा सरडा लांबून पाहणाऱ्याला फार कामसू वाटतो. मिनिटाला दहा वेळा हलतो, सारखा काही टिपतो. त्याला भरभराट समजणे म्हणजे दिवसभर चार घरी भांडी घासणाऱ्या बाईला श्रीमंत समजणे.

भरभराटीचा हा भ्रम किती दूर नेऊ शकतो हे महाराष्ट्रातच एका ठिकाणी फार सुरेख उलगडले आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत; काही भागात त्या दाट आहेत, काही भागात अजिबात नाहीत. जमीन, गवत, हवा सारखीच. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी तिथल्या पंखेवाल्या सरड्यांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष मांडले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी आणि त्यांचे हल्ले दुसऱ्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांश होते. साहजिकच सरड्यांची दाटी तिथे जास्त होती. ते निर्धास्तही होते: माणूस जवळ आला तरी उशिरा पळत, आणि ताणाखाली त्यांच्या रक्तात चढणारे संप्रेरक कमी भरले. इथे थांबले तर कोणीही म्हणेल, सरड्यांना पवनचक्क्या मानवल्या. पण वजन आणि लांबीचे गुणोत्तर काढल्यावर हेच सरडे रोड निघाले, आणि नरांच्या गळ्यांवरचे रंग फिके. खाणारी तोंडे वाढली होती, किडे वाढले नव्हते. ससाण्याची भीती गेली आणि तिच्या जागी शेजाऱ्याशी स्पर्धा आली.

या अभ्यासाने मला मोजणीविषयी सावध केले. गणना हा वनखात्याचा आवडता उद्योग. किती वाघ, किती मोर. चाळकेवाडीत नुसती गणना केली असती तर अहवालात सरड्यांची संख्या समाधानकारक असल्याची नोंद झाली असती. यवतमाळात घार, शिक्रा, कापशी यांचे आणि सापांचे प्रमाण ज्या शिवारात घटले असेल तिथे सरडे वाढलेले दिसण्याची शक्यता धरूनच चालावे लागेल. त्यांच्या बरगड्यांकडे, शेपटीच्या मुळाशी साठणाऱ्या चरबीकडे, रंगाकडे बघितल्याशिवाय त्या वाढीला अर्थ नाही.

निराशेचाच सूर लावायचा नाही. सरडे शिकतात. बंगळूरच्या वाढत्या उपनगरांत खडकावर राहणाऱ्या सरड्यांवर ठाकेर यांच्याच प्रयोगशाळेत काम झाले. सुरक्षित आडोसा कोणता हे शिकण्यात उपनगरातले सरडे रानातल्यांपेक्षा चपळ ठरले. एड्रियाटिक समुद्रातल्या एका क्रोएशियन बेटावर १९७१ साली पाच जोड्या सरडे सोडले होते. छत्तीस-सदतीस वर्षांनी त्यांच्या वंशजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा ते मोठ्या प्रमाणात पाला खाऊ लागलेले होते, डोकी मोठी आणि चावा जोरकस झाला होता, आतड्यात पाला पचवायला मदत करणारे पडदे दिसत होते. या गोष्टी ऐकल्या की निसर्ग सगळे निभावून नेतो असे म्हणायचा मोह होतो. पण त्या बेटावर पाला होता. मादागास्करच्या फवारलेल्या रानात वाळवीच्या जागी दुसरे काही आले नव्हते. जुळवून घ्यायला काहीतरी शिल्लक असावे लागते.

घोरपडीविषयी चार ओळी वेगळ्या, कारण ती या सगळ्या नियमांना वळसा घालते. ती भुंगे खाते, खेकडे खाते, अंडी खाते, मेलेले जनावरही सोडत नाही, आणि एका दिवसात लांबवर फिरते. बिघडलेल्या जागी टिकायला तिच्याइतके सर्वभक्षी कोणी नाही. ती घटते ती अन्नाअभावी कमी आणि माणसामुळे जास्त. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही तिचे तेल सांधेदुखीवर, मांस ताकदीसाठी आणि नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्था जोडी’ नावाची दैवी मुळी म्हणून विकले जाते. या फसवणुकीचा २०१७ मध्ये बराच बोभाटा झाला. फिरताना दिसली की ती ज्या वारुळात शिरते त्यावर पाळत ठेवली जाते. म्हणजे तिची फिरस्ती हीच तिची कमजोरी.

या पुस्तकाच्या वाचकाने काय करावे असे कोणी विचारले तर माझे उत्तर फार साधे आहे. एक सरडा निवडावा, पाच-सात मीटरवर बसावे, आणि दहा मिनिटे त्याच्यावरून नजर काढू नये. तो किती वेळा हलला, त्यांतला किती वेळ चालण्यात गेला, किती झडपा घातल्या आणि किती फुकट गेल्या, सावलीत होता की उन्हात, हे वहीत लिहावे. जगभरचे अभ्यासक हेच करतात: मिनिटाला हालचाली किती आणि चालण्यात वेळेचा टक्का किती, या दोन आकड्यांवर हा सगळा विषय उभा आहे. चालण्यात दहा टक्क्यांहून कमी वेळ घालवणारा तो बसणारा, जास्त घालवणारा तो फिरणारा, अशी ढोबळ रेघ आखलेली आहे. जागेची ओळख मात्र गावातल्या माणसाकडून घ्यावी. कोणता धुरा कधी मोडला, कोणत्या गायरानात किती गुरे येतात, रायमुनिया कोणत्या साली शिरली, हे गुराख्याला किंवा कोलामांच्या वस्तीवरच्या, म्हणजे पोडावरच्या, म्हाताऱ्याला जितके माहीत असते तितके उपग्रहालाही माहीत नसते.

निरीक्षणाला सर्वांत योग्य काळ मला जानेवारी ते जून वाटतो, आणि त्यामागे कपाशीचे कारण आहे. पूर्वी शेतकरी फरदड घेत. पहिल्या वेचण्या झाल्या तरी ओलिताची कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कहर केल्यावर कृषी खात्याने फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीतच पऱ्हाटी उपटा, असा आग्रह धरला. अळीच्या दृष्टीने सल्ला बरोबर आहे आणि तो पाळलाच पाहिजे. मात्र त्यामुळे वावर पाच-सहा महिने साफ उघडे राहते, आणि ते महिने सर्वाधिक तापणारे असतात. पऱ्हाटीत पांगलेले सरडे त्या काळात जिथे धुरा उरला आहे तिथे, नाल्याच्या काठी, विहिरीच्या मातीवर, उपटलेल्या पऱ्हाटीच्या गंजीखाली गोळा होतात. गंजी चुलीसाठी हलवली की तिथूनही निघतात. एकाच गावात धुरा राखलेले एक वावर आणि धुरा मोडलेले दुसरे घेऊन, दर पंधरवड्याला एकाच घटकेला दोन्हीकडे दहा-दहा मिनिटे बसणाऱ्याला मृगाच्या पावसापर्यंत हातात काहीतरी ठोस लागेल. बसण्याची वेळ सकाळी आठची ठेवावी. अकरानंतर बसलात तर मोडलेल्या धुऱ्यावर बघायला बहुधा कोणी नसेल, आणि ती रिकामी पानेही वहीत तारीख घालून ठेवायची आहेत.